मीडियम म्हणजे कुणाचा कान?

माझे कान बाबांवर गेलेत, असं आईचं म्हणणं. आजीच्या मते दोष न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईचा. मी तान्ही असताना तिने माझे कान नीट चेपले नाहीत म्हणे. बाहेरून बघाल तर माझ्या कानांत काही खोट दिसणार नाही. कानातलं घालता येतं, चष्मा बसतो, मास्कच्या दोऱ्या अडकतात. भानगड आत आहे. भोक अरुंद, भोकाबाहेरची वाटी उथळ, आणि डावा कान उजव्यापेक्षा जरा जास्तच बारीक. हे मला कळलं ते पहिल्या पगारातून वायरलेस इअरबड्स घेतले तेव्हा.

पहिला जोड तीन आठवडे टिकला. डोंबिवली स्टेशन, गर्दीची वेळ, मागून एक धक्का, आणि डावा बड गाडी आणि फलाटाच्या मधल्या फटीतून खाली. मागच्या काकूंनी "काय पडलं गं?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मला आत ढकललं. पुढचा महिना मी एका कानाने गाणी ऐकली. दुसरा जोड पडायचा नाही, पण ठाणं यायच्या आत कानात असा ठणका लागायचा की काढून पर्समध्ये टाकायचा. तिसरा जांभई दिली की सुटायचा. चौथ्याने कानाच्या आतली कातडी सोलवटली, पाणी यायला लागलं, आणि मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाईंनी आत बघितलं, थेंब लिहून दिले, बरं वाटेपर्यंत कानात काही घालायचं नाही म्हणाल्या. मी म्हटलं, "माझे कानच विचित्र आहेत हो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे मला रोज कुणी ना कुणी सांगतं. सगळ्यांचेच कान विचित्र कसे असतील?"

चार जोड, साडेसहा हजार रुपये आणि एक कान फुटल्यावर मला हा प्रश्न पडायला हवा होता. तो डॉक्टरांना पडला.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या कानांना नावं ठेवणं बंद करा. माप चुकीचं आहे, आणि ते तसंच राहणं विकणाऱ्यांच्या सोयीचं आहे.

कासाराला कळतं ते

लग्नघरात कासार आला की बघा. तो हात हातात घेतो, अंगठ्याखालचा सांधा दाबतो आणि सांगतो, "दोन-चार." म्हणजे सव्वादोन इंच. ती चढली नाही तर दोन-सहा काढतो. ह्या दोन मापांमधला फरक इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर. तेवढ्या फरकासाठी वेगळं माप आहे, त्याला नाव आहे, आणि डोंबिवलीतलं दोन-चार सोलापुरातही दोन-चारच असतं. बांगडी चढली नाही म्हणून हाताला दोष देणारा कासार मी अजून पाहिलेला नाही.

चष्मेवाला तर त्याच्याही पुढे. फ्रेम कानामागे टोचली तर तो काडी गरम करतो, वाकवतो, पुन्हा घालून बघायला सांगतो. नाकावरचे पॅड बदलून देतो. बऱ्याचदा पैसेही घेत नाही. चपलेच्या दुकानातला मुलगा सात नंबर घट्ट होतोय म्हटल्यावर आठ काढतो.

आता इअरफोनचा डबा उघडा. आत रबराच्या टोप्यांचे तीन जोड: स्मॉल, मीडियम, लार्ज. किती मिलिमीटरचे? लिहिलेलं नसतं. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या स्मॉलएवढा निघतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही टोपी ज्या नळीवर चढवतात तिची जाडी. नळीच जाड असेल तर वरचं रबर कितीही लहान घ्या, ती अरुंद कानात शिरत नाही. ही जाडी डब्यावर कुठेच नसते. डब्यावर असतं ते काय? ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, बॅटरी किती तास, गेमिंगसाठी लेटन्सी किती, पाण्याचे शिंतोडे चालतील का. कानात घालायच्या वस्तूबद्दल सगळं लिहिलेलं असतं, फक्त ती कानात जाईल का एवढं सोडून.

आणि घालून बघू म्हणाल, तर काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं: "मॅडम, सील तोडलं की रिटर्न नाय."

सरासरी माणूस कुणी पाहिलाय?

१९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाला प्रश्न पडला होता की वैमानिकांना कॉकपिट नीट का होत नाही. चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातली १० मापं निवडली: उंची, छाती, हाताची लांबी वगैरे. प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत येणाऱ्याला 'सरासरी' म्हणायचं ठरवलं, आणि मग मोजलं की दहाही मापांत सरासरी असलेले किती. ४०६३ वैमानिकांत असा एकही निघाला नाही. एकही. ज्या माणसासाठी कॉकपिट बनवलं होतं, तो माणूस नव्हताच. पुढे हवाई दलाने कंपन्यांकडे हलवता येणाऱ्या सीटची मागणी केली.

कानाची गोष्ट ह्याहून अवघड आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, पण सरळ नसते; नागमोडी वळते. तिचं तोंड कुणाचं गोल, कुणाचं चपटं. एकाच माणसाचे दोन कान सारखे असतीलच असं नाही. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, म्हणून तर वडापाव खाताना बड बाहेर येतो. बायकांचे कान सरासरीने पुरुषांच्या कानांपेक्षा लहान असतात. ह्या सगळ्याला तीन टोप्या पुरतील असं ज्याने ठरवलं, त्याच्या डोळ्यांसमोर कुणाचा कान होता?

कंपन्यांना हे माहीत नाही असं समजू नका. २०१२ मध्ये अॅपलने इअरपॉड्स आणले तेव्हा त्यांच्या जाहिरातफिल्ममध्ये त्यांच्याच मुख्य डिझायनरने म्हटलं होतं की सगळ्या कानांसाठी एकच इअरफोन बनवणं म्हणजे सगळ्या पायांसाठी एकच बूट बनवण्यासारखं आहे, अशक्यच. आणि तरी आम्ही तेच करून बघितलंय. ह्यातली ऐट बाजूला ठेवली तर उरते ती कबुलीच. पुढे २०१९ मध्ये एअरपॉड्स प्रो आले, रबराच्या तीन मापांसह. २०२२ च्या आवृत्तीत चौथं, एक्स्ट्रा स्मॉल माप आलं. २०२५ च्या आवृत्तीत त्याहूनही लहान, पाचवं. सहा वर्षांत माणसांचे कान आक्रसले नाहीत. बारीक कान २०१९ मध्येही होते, त्यांना फक्त मोजलं नव्हतं.

आणि ही पाच मापं कुणाला मिळाली? जो पंचवीस हजारांच्या आसपास मोजू शकतो त्याला. हजार-दीड हजारांच्या बहुतेक डब्यांत अजून तेच तीन जोड. सिलिकॉनचा एक चिमुकला जोड जास्तीचा टाकायला किती खर्च येतो, ह्याचा अंदाज सुट्या टोप्यांचे पुडे ऑनलाइन ज्या भावात मिळतात त्यावरून कुणालाही बांधता येईल. तरी तो टाकला जात नाही, कारण न टाकल्याने काही बिघडत नाही. आपण गुपचूप ड्रॉवरमध्ये तो जोड टाकतो, 'माझेच कान तसले' म्हणतो आणि दुसरा जोड मागवतो. माझ्यासारखी गिऱ्हाईक कुणाला नको असेल? चार वेळा पैसे दिले आणि एकदाही तक्रार केली नाही.

जॅक गेला आणि बॅटरी कानात आली

सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ आला आणि त्यातला ३.५ मिलिमीटरचा जॅक काढलेला होता. मंचावरून ह्या निर्णयाला 'धैर्य' म्हटलं गेलं. त्याच दिवशी एअरपॉड्सची घोषणा झाली, हे लक्षात ठेवा. मग एकेक करून इतरांनीही जॅक काढला. स्वस्त अँड्रॉइड फोनांत तो अजून बऱ्याच ठिकाणी सापडतो, महागड्यांत क्वचितच.

ह्याचा कानाच्या मापाशी काय संबंध? थेट संबंध आहे. वायरचा इअरफोन म्हणजे एक छोटा स्पीकर आणि एक नळी. बाकी सगळं, म्हणजे वीज आणि आवाज तयार करणारी यंत्रणा, फोनमध्ये. वायरलेस बडमध्ये स्पीकर, बॅटरी, ब्लूटूथची चिप, माइक, अँटेना, हे सगळं कानाच्या वाटीत मावायला लागतं. साहजिकच त्याचं धूड वाढतं. ज्याची वाटी खोल आणि मोठी, त्याला काही जाणवत नाही. ज्याची उथळ, त्याच्या कानाच्या कडांवर ते धूड दिवसभर रेलून बसतं. म्हणजे खिशातला भार उचलून कानात ठेवला गेला, आणि ज्यांच्या कानात जागा नव्हती त्यांना कुणी विचारलं नाही.

बड पडण्याची गोष्टही एकट्या माझी नाही. टोकियोत २०२० च्या जुलै ते सप्टेंबरात ७८ स्थानकांवर रुळांत पडलेल्या वायरलेस इअरफोनच्या ९५० घटना रेल्वे कंपनीने मोजल्या, आणि ते उचलायला पॅनासॉनिकबरोबर खास व्हॅक्यूमसारखं यंत्र बनवून घेतलं. रुळांतून बड उचलणारं यंत्र बनतं, पण बड कानातून पडूच नये म्हणून डब्यात चौथं माप यायला वर्षं लागतात.

'फिटिंग काय, ज्याचं त्याचं असतं'

रिव्ह्यू करणाऱ्यांवरही माझा राग आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत आठ मिनिटं बास, मिड्स आणि अॅप. मग शेवटी एक वाक्य: फिटिंग काय, ज्याचं त्याचं असतं. अहो, चपलेचं मापही ज्याचं त्याचं असतं, म्हणून कुणी नंबर छापायचा थांबवला का? निदान नळीला व्हर्नियर लावून जाडी तरी सांगा. 'माझे कान मोठे आहेत, मला लार्ज लागतं' एवढं सांगितलं तरी बघणाऱ्याला काही कळेल.

शिवाय ज्या बासची चर्चा आठ मिनिटं चालते, तो फिटिंगशिवाय ऐकूच येत नाही. टोपी आणि कान ह्यांच्यात फट राहिली की सगळ्यात आधी खालचे सूर निसटतात. ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. मग आपण कमेंट करतो, 'बास बेकार'. इअरफोन कदाचित चांगला असेल, फक्त तो कानाच्या दारात उभा आहे.

दुकानदारांची बाजू म्हणजे स्वच्छता. दुसऱ्याच्या कानातला मळ कोण घालेल? मान्य, कुणीच नाही. पण मळ लागतो तो टोपीला, आणि टोपी निघते. दुकानात नुसत्या टोप्यांची एक पेटी ठेवा, वापरली की टाकून द्या, तिचे दहा रुपये वेगळे लावा, आम्ही देऊ. कान टोचणारा सोनार तर कातडीला भोक पाडतो, त्याने स्वच्छतेचा मार्ग काढला. तुम्हाला रबराच्या टोपीचा काढता येत नाही?

आणि 'मग स्पीकरवर ऐका' म्हणणाऱ्यांना विनंती, कृपया लोकलच्या डब्यात तसं करून दाखवा.

हे नुसतं आरामाचं नाही

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, इअरफोनसारख्या चिल्लर वस्तूसाठी एवढा संताप कशाला? तर त्याचं कारण व्हॉल्यूम आहे.

फट राहिली की बाहेरचा आवाज आत येतो. रुळांचा खडखडाट, पंखे, भजनी मंडळ, शेजारणीचा फोन. त्यावर गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज वाढवतो. वाढवलेला आवाज कानाला सवयीचा होतो आणि घरी आल्यावरही तेवढाच राहतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश ह्या संस्थेने घालून दिलेला हिशोब असा: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून जास्त लोकांना असुरक्षित पद्धतीने ऐकल्यामुळे बहिरेपणाचा धोका आहे. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

ह्या सगळ्यावर उपदेश आपल्याला होतो: तरुण पिढी, मोठा आवाज, ऐकत नाहीत. पण ज्याला नीट बसणारी वस्तू मिळाली त्याला कमी आवाजात पुरतं. ज्याला मिळाली नाही तो आवाज वाढवतो. स्वस्त आणि न बसणारा इअरफोन घेणाऱ्याने आधी पैसे घालवले, मग कातडी, आणि हळूहळू ऐकूही घालवेल. कान सगळ्यांना दोनच, पण ते सांभाळायची सोय मात्र पंचवीस हजारांच्या डब्यात.

तोवर काय करायचं

कंपन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर मी धडपडून जे शिकले ते सांगते. डॉक्टरांनी 'आता घालायला हरकत नाही' म्हटल्यानंतरच मीही हे केलं. तुमचा कान दुखत किंवा वाहत असेल तर आधी तो दाखवा.

पहिली गोष्ट, अडचण नळीत आहे की वाटीत ते शोधा. केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात, फार महाग नसतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत घाला, फुगेपर्यंत धरून ठेवा. अर्ध्या तासात नळीच दुखायला लागली तर तुमची नळी अरुंद. तुम्हाला बारीक नळीचा इअरफोन हवा, टोपी बदलून भागणार नाही. प्लग मजेत बसला पण बड दुखतो, तर दोष वाटीतल्या धूडाचा. तुम्हाला छोट्या, गोळीच्या आकाराचा वायरवाला जोड बरा.

दुसरी गोष्ट, दोन्ही कानांना एकच माप लावायचा नियम कुणी केलेला नाही. डाव्याला स्मॉल, उजव्याला मीडियम लावून बघा. नवा इअरफोन घेण्याआधी नव्या टोप्या घ्या. सिलिकॉनच्या असतात, दोन मजली असतात, दाबून घालायच्या फोमच्या असतात. फोम अवघड कानांना धरून ठेवतो, पण घामाने लवकर खराब होतो आणि बदलावा लागतो.

तिसरी, जो सारखा निसटतो त्याची वायर कानावरून मागे घ्या. गाणारे लोक मंचावर घालतात तसे, वायर कानामागून जाणारे इअरफोन हजार-दीड हजारांतही मिळतात. वजन कानाच्या पाळीवर येतं, नळीवर नाही. जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा कनेक्टर लागेल.

चौथी, परीक्षा चार मिनिटांची घेऊ नका, चाळीस मिनिटांची घ्या. घालून बोला, चघळा, जिना उतरा. गाणं चालू असताना बोटाने हलकं आत दाबा. दाबल्यावर ढोलकी एकदम भरदार झाली तर आधी फट होती, टोपी बदला.

आणि काहीच जमलं नाही तर नळीत न जाणारे प्रकार आहेत: कानाच्या कडेला चिमट्यासारखे बसणारे, गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे, स्पंजचे हलके हेडफोन. घरी, ऑफिसात उत्तम. लोकलमध्ये मात्र जपून, कारण ते बाहेरचा आवाज अडवत नाहीत आणि पुन्हा बोट व्हॉल्यूमवर जातं.

मागणी

डब्यावर दोन आकडे छापा: नळीची जाडी आणि प्रत्येक टोपीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हजाराच्या डब्यातही पाच मापं द्या. दुकानात टोप्यांची पेटी ठेवा. कानात बसला नाही हे परत घेण्याचं रास्त कारण माना. बस, एवढंच. ह्यात कुठलंही नवं संशोधन लागत नाही, कासाराएवढी अक्कल पुरते.

आपल्या बाजूनेही एक काम आहे. पुढच्या वेळी घेताना काउंटरवर विचारा, "नळी किती मिलिमीटरची?" उत्तर मिळणार नाही. तरी विचारा. ऑनलाइन घेतलात आणि बसला नाही, तर रिव्ह्यूत 'बास बेकार' लिहू नका. 'नळी जाड, उथळ वाटीत दुखतो, स्मॉलही मोठं पडलं' असं लिहा. तुमच्यासारखे कान असलेलं कुणीतरी रात्री अकरा वाजता तेच शोधत असेल.

मी सध्या वापरते तो नऊशे रुपयांचा वायरवाला आहे. वायर कानामागून, उजव्याला त्याच्याच डब्यातलं स्मॉल, डाव्याला वेगळ्या पुड्यातली आणखी बारीक टोपी. दोन टोप्यांचे रंगही वेगळे आहेत. आजीने विचारलं, "हे काय गं, एक काळं आणि एक पांढरं?" मी म्हटलं, "आजी, त्या न्हाऊ घालणाऱ्या बाईला उगाच बोललीस. तिने कान बरोबर चेपले होते."